एकेरी रुळावरची कोंडी: वेल्समधील फेस्टिनिओग रेल्वेचे प्रकरण (१८६० ते १८७२)

पार्श्वभूमी

उत्तर वेल्समधील ब्लायनाय फेस्टिनिओग हे गाव डोंगरांनी वेढलेले आहे आणि त्या डोंगरांच्या पोटात पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत. येथला दगड छिन्नीच्या हलक्या ठोक्याने पातळ पापुद्र्यांत सुटतो, पाणी शोषत नाही आणि दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात वाढत्या शहरांमधल्या घरांच्या छपरांसाठी त्याला मोठी मागणी होती. १८४२ मध्ये हॅम्बुर्ग शहराचा बराच भाग आगीत जळाला, तेव्हा नव्याने उभ्या राहिलेल्या घरांवरही येथल्या पाट्या चढल्या. मापांप्रमाणे पाट्यांना नावे होती: २४ बाय १२ इंचांची डचेस, २० बाय १० इंचांची काउंटेस, १६ बाय ८ इंचांची लेडी.

मालाचा हा स्वभाव ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे निर्णय समजत नाहीत. पाटी जड असते आणि तितकीच ठिसूळही असते. कोपरा उडालेली डचेस कापून काउंटेस करावी लागते किंवा फेकून द्यावी लागते, म्हणून मालाची प्रत्येक उचल-ठेव हा खाणमालकाचा थेट तोटा असे. रेल्वे येण्यापूर्वी पाट्या तट्टांवरून आणि गाड्यांतून डोंगर उतरत, ड्वरिड नदीच्या काठी लहान होड्यांत चढत आणि खाडीच्या मुखाशी पुन्हा समुद्री जहाजांत भरल्या जात. इतक्या हातांतून गेलेल्या मालातला किती अखंड उरेल, याची चिंता मालकांना कायम असे.

डब्लिनचे व्यावसायिक हेन्री आर्चर यांनी पुढाकार घेऊन १८३२ मध्ये संसदेकडून रेल्वेचा कायदा संमत करून घेतला, जेम्स स्पूनर यांनी मार्गाची आखणी केली आणि २० एप्रिल १८३६ रोजी खाणींपासून पोर्थमॅडॉग बंदरापर्यंतची वाहतूक सुरू झाली. मार्ग सुमारे साडेतेरा मैलांचा, म्हणजे जवळपास २२ किलोमीटरचा, आणि दोन टोकांच्या उंचीत सुमारे ७०० फुटांचा फरक. दोन रुळांमधले अंतर अवघे १ फूट साडेअकरा इंच, म्हणजे ५९७ मिलिमीटर ठेवले होते. खाणींच्या आतल्या रुळांचेही माप साधारण हेच असल्यामुळे डोंगराच्या पोटात भरलेली वाघीण तशीच्या तशी बंदराच्या धक्क्यावर जहाजाच्या कडेला जाऊन उभी राहत असे. मधे कुठेही पाटीला हात लागत नसे. या रेल्वेचे सारे मोल या एका सोयीत होते, असे माझे मत आहे.

आखणीत स्पूनर यांनी दाखवलेले कौशल्य आजही थक्क करते. डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत त्यांनी उतार असा राखला की भरलेल्या वाघिणी खाणींकडून बंदराकडे कोणतेही इंजिन नसताना केवळ स्वतःच्या वजनाने धावत. सुरुवातीला एका डोंगरावर वाघिणी दोराने चढवाव्या-उतरवाव्या लागत. १८४२ मध्ये मोएलविन बोगदा पूर्ण झाल्यावर तीही अडचण संपली. उतरत्या गाडीवर ब्रेकवाले असत आणि ते धावत्या वाघिणींवरून पुढे-मागे जात हाताने ब्रेक आवळीत किंवा सैल करीत. उलट दिशेने रिकाम्या वाघिणी घोडे ओढून वर नेत आणि खाली येताना तेच घोडे गाडीच्या शेपटाला जोडलेल्या खास डब्यात उभे राहून गवत खात परत येत.

अडचण

खाली यायला साधारण दीड तास पुरे, परंतु वर जायला सहा तासांच्या आसपास लागत. जी वाघीण खाली जाते ती रिकामी वर आल्याखेरीज पुन्हा भरता येत नाही, म्हणून रेल्वेची खरी क्षमता उतारावर ठरत नसून चढावर घोडे किती रिकाम्या वाघिणी ओढू शकतात यावर ठरत होती. बाहेरून पाहणाऱ्याला खाली धावणारी, भरलेली, रुबाबदार गाडी दिसे. व्यवस्थापनाला मात्र वर चढणाऱ्या रिकाम्या वाघिणींचा हिशेब ठेवावा लागे.

१८५६ मध्ये जेम्स स्पूनर यांचे निधन झाले आणि कारभार त्यांचे पुत्र चार्ल्स ईस्टन स्पूनर यांच्या हाती आला. ब्रिटनमधली शहरे झपाट्याने वाढत होती, खाणी आणखी खोल जात होत्या आणि बंदरात जहाजे पाट्यांची वाट पाहत उभी राहत होती. १८६० च्या सुमारास घोड्यांवर चालणारी ही व्यवस्था अपुरी पडत चालल्याचे स्पष्ट झाले होते. शिवाय किनाऱ्यालगत स्टँडर्ड गेजची, म्हणजे १,४३५ मिलिमीटर रुंदीची, रेल्वे येऊ घातली होती. ती १८६७ मध्ये पोर्थमॅडॉगला पोहोचलीही. आपण मागे राहिलो तर खाणमालक दुसरी वाट शोधतील, ही भीती निराधार नव्हती.

पहिला निर्णय: घोडे की वाफ

चार्ल्स स्पूनर यांच्यासमोर मुख्यतः तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे आणखी घोडे घेणे. यात नव्याने शिकण्यासारखे काही नव्हते, पण मार्ग एकेरी असल्यामुळे घोड्यांच्या संथ गाड्या वाढल्या की क्रॉसिंगच्या जागी, म्हणजे समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत, थांबण्याचा वेळही वाढत जाणार होता. दुसरी वाट म्हणजे संपूर्ण मार्ग स्टँडर्ड गेजचा करणे. त्यासाठी वळणे सरळ करावी लागली असती, बोगदा फोडून रुंद करावा लागला असता आणि मुख्य म्हणजे खाणींच्या आतले मैलोन्‌मैल रूळ बदलणे रेल्वेच्या हातात नव्हते, कारण ते खाणमालकांचे होते. मार्गाचे गेज बदलले आणि खाणीचे तसेच राहिले, तर वरच्या टोकाला पाट्या एका वाघिणीतून दुसरीत भराव्या लागणार होत्या, आणि ज्या उचल-ठेवीपासून सुटका करून घेण्यासाठी ही रेल्वे बांधली गेली तीच पुन्हा पदरी पडणार होती.

तिसरी वाट होती आहे त्याच रुळांवर वाफेचे इंजिन चालवण्याची. दोन फुटांपेक्षाही अरुंद गेजवर बॉयलर, भट्टी, पाणी आणि कोळसा यांचे वजन तोलून धरणारे आणि तरीही तीव्र वळणांवर रुळांवरून न घसरणारे इंजिन बनेल का, याबद्दल त्या काळच्या अभियंत्यांना गंभीर शंका होत्या. स्पूनर यांनी ही जोखीम घेतली. लंडनच्या न्यू क्रॉस भागातील जॉर्ज इंग्लंड यांच्या कारखान्यात इंजिने तयार झाली आणि १८६३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी काम सुरू केले. 'प्रिन्सेस' आणि 'माउंटेनीअर' ही पहिली दोन, तर १८६४ मध्ये 'प्रिन्स' आणि 'पामर्स्टन' ही पुढची दोन. चारच चाके, ठेंगणा बांधा आणि जमेल तितके खाली राखलेले वजन, असे त्यांचे रूप होते.

भरलेल्या गाड्या मात्र पूर्वीप्रमाणेच उताराच्या जोरावर खाली येत राहिल्या आणि ही पद्धत १९३९ पर्यंत टिकली. नवे यंत्र हाती आले म्हणून स्पूनर यांनी ते सगळीकडे लावले नाही. जिथे घोडे कमी पडत होते, म्हणजे केवळ चढावर, तिथेच लावले. या प्रकरणातला हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

प्रवाशांचा प्रश्न

इंजिने आल्यावर खाणकामगार आणि गावकरी यांना नेण्याचा प्रश्न लगेच पुढे आला. सरकारच्या वतीने कॅप्टन हेन्री टायलर यांनी १८६४ मध्ये मार्गाची पाहणी केली आणि वेगाची मर्यादा घालून प्रवासी वाहतुकीस अनुकूलता दर्शवली. १८६५ च्या जानेवारीपासून प्रवासी गाड्या अधिकृतपणे धावू लागल्या. इतक्या अरुंद गेजवर माणसे बसवायची तर वजन मध्यभागी आणि खाली राहायला हवे, म्हणून डब्याच्या मधोमध लांबट बाक ठेवून प्रवाशांना एकमेकांकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसवले जाई, आणि डब्याचा तळ रुळांच्या अगदी जवळ असे. प्रवाशांचे उत्पन्न पाट्यांच्या मानाने दुय्यम असले, तरी या परवानगीमुळे रेल्वेची जबाबदारी बदलली: पाटी फुटली तर तोटा होतो, माणसांनी भरलेल्या गाडीला अपघात होऊन चालत नाही.

दुसरी कोंडी

वाफेच्या इंजिनांनी दिलेला दिलासा काही वर्षेच टिकला. क्षमता वाढली तशी खाणींनी ती भरून काढली. १८६७ मध्ये 'वेल्श पोनी' आणि 'लिटल जायंट' ही थोडी मोठी इंजिने आली, तरीही एकेरी मार्गावर गाड्यांची संख्या वाढत गेली आणि प्रत्येक क्रॉसिंग हा विलंबाचा नवा मुद्दा होऊन बसला. आता प्रश्न ओढण्याच्या जोरापुरता उरला नव्हता. मार्गावर गाडीला जागा मिळणे हीच अडचण झाली होती.

याचे सरळ उत्तर दुहेरीकरण हे होते आणि रेल्वेने १८६९ मध्ये संसदेकडून दुहेरी मार्गाचा अधिकार मिळवलाही. कागदावर हा निर्णय झाल्यातच जमा होता. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र चित्र वेगळे होते. डोंगराच्या कडेने जाणारा मार्ग ठिकठिकाणी चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतींवर उभा होता. त्यातली केई मावर येथील भिंत तर सुमारे ६० फूट उंच होती. अशा भिंतीला बाजूने दुसऱ्या रुळापुरती रुंदी जोडणे म्हणजे पायथ्यापासून नवी भिंत उभी करणे. मोएलविन बोगदा सुमारे ७३० यार्ड लांब, कठीण खडकातून फोडलेला आणि एकाच रुळापुरता होता. दुसऱ्या रुळासाठी शेजारून दुसरा बोगदा खोदावा लागला असता. म्हणजे मार्गाचा जो भाग सर्वांत अवघड, तोच दुहेरी करणे सर्वांत महाग.

दुसरा निर्णय: मार्ग दुहेरी की इंजिन दुहेरी

याच सुमारास रॉबर्ट फेअरली हे अभियंते आपले १८६४ चे पेटंट घेऊन ग्राहक शोधत होते. जॉर्ज इंग्लंड यांचे ते जावई, त्यामुळे फेस्टिनिओगशी त्यांचा संबंध येणे स्वाभाविक होते. त्यांची कल्पना अशी: दोन बॉयलर पाठीला पाठ लावून मधे भट्टी ठेवावी, आणि सगळा सांगाडा दोन स्वतंत्र चौचाकी बोगींवर, म्हणजे वळणावर फिरू शकणाऱ्या चाकांच्या गाड्यांवर, टेकवावा. या बोगी इंजिनाचा भार तर वाहतीलच, शिवाय प्रत्येकीला स्वतःचे सिलिंडर असल्याने त्या गाडी ओढतीलही. इंजिन लांबलचक असले तरी प्रत्येक बोगी वळणावर आपापली फिरते, सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडते आणि दोन्ही दिशांना सारखेच धावता येते.

कल्पना उत्तम असली तरी तोवरचा अनुभव उत्साहवर्धक नव्हता. या पद्धतीची आधीची इंजिने इतरत्र फारशी यशस्वी ठरली नव्हती. वाफ मुख्य बॉयलरकडून फिरत्या बोगीकडे न्यायची म्हणजे नळीला वळणारा सांधा हवा, आणि असा सांधा गळू लागला की वाफ वाया जाते. स्पूनर यांनी तरीही एक इंजिन मागवले. १८६९ मध्ये आलेल्या या इंजिनाचे नाव 'लिटल वंडर', लांबी सुमारे २७ फूट आणि वजन साडेएकोणीस टनांच्या आसपास. भट्टी मधोमध असल्यामुळे चालकाला तिच्या एका बाजूला आणि कोळसा टाकणाऱ्याला दुसऱ्या बाजूला उभे राहावे लागे, आणि त्या दोघांमध्ये तापलेले लोखंड असे.

येथे लक्षात घ्यायची बाब ही की हा निर्णय मागे घेता येण्यासारखा होता. इंजिन अपयशी ठरले असते तर एका इंजिनाचा खर्च बुडाला असता आणि दुहेरीकरणाचा अधिकार हातात शाबूत राहिला असता. उलट आधी भिंती आणि बोगदा यांचे काम काढले असते तर माघार शक्य नव्हती. स्पूनर यांनी 'लिटल वंडर'ची तुलना 'वेल्श पोनी'शी प्रत्यक्ष मार्गावर, भरलेल्या आणि रिकाम्या वाघिणी जोडून, चढावर आणि वळणांवर केली. नवे इंजिन निःसंशय सरस ठरले. आता एकच गाडी आधीच्या दोन गाड्यांचे काम करू शकत होती, त्यामुळे क्रॉसिंगची संख्या आपोआप घटली आणि दुहेरीकरण सोडून देण्यात आले.

फेअरली यांना आपली कल्पना जगाला दाखवण्यासाठी चालता-बोलता मार्ग हवा होता आणि रेल्वेला पेटंटचे शुल्क नको होते. त्यातून झालेला सौदा दोघांच्याही हिताचा ठरला: रेल्वेने प्रात्यक्षिकांना मार्ग द्यावा आणि बदल्यात फेअरली यांनी तिला हे पेटंट कायमचे विनामूल्य वापरू द्यावे.

परिणाम

१८७० च्या फेब्रुवारीत झालेल्या प्रात्यक्षिकांना रशियन सरकारचे शिष्टमंडळ आले होते, आणि भारताच्या रेल्वे-धोरणाशी संबंधित ब्रिटिश अधिकारीही हजर होते. रशियात आणि मेक्सिकोत पुढे फेअरली पद्धतीची इंजिने चालली. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे रेल्वेने ३ फुटांचे गेज निवडले. भारतात त्याच काळात, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, ५ फूट ६ इंचांच्या ब्रॉडगेजला स्वस्त जोड म्हणून मीटर गेज स्वीकारले गेले. दोन फुटांच्या गेजला आपल्याकडे जागा मिळाली ती डोंगरी मार्गांवर: १८८१ मध्ये दार्जिलिंगला आणि १९०७ मध्ये नेरळ-माथेरानला. माथेरानच्या वाफेच्या इंजिनांपुढेही प्रश्न तोच होता, की ओढण्याचा जोर हवा तर चाके जास्त लागतात आणि वळण तीव्र असेल तर ती अडतात. तेथे मात्र क्लीन-लिंडनर पद्धतीचे, वळणावर बाजूला सरकू शकणारे आस वापरून तो सोडवण्यात आला. घाटातल्या वळणावर ती गाडी कशी अंग चोरून निघते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना स्पूनर यांची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

फेस्टिनिओगवर १८७२ मध्ये 'जेम्स स्पूनर' हे पुढचे दुहेरी इंजिन आले, त्याच वर्षी ब्रिटनमधले पहिले लोखंडी सांगाड्याचे बोगी डबेही येथे आले, आणि १८७९ मध्ये रेल्वेने आपल्याच बोस्टन लॉज कारखान्यात 'मेरडिन एमरिस' बांधले. 'लिटल वंडर' मात्र १८८२ पर्यंत झिजून निकामी झाले. तेरा वर्षांचे हे आयुष्य इंजिनाच्या मानाने थोडे होते. त्याच्याकडून फार काम करून घेतले गेले, हे त्याचे एक कारण. फिरत्या बोगी आणि वाफेचे सांधे यांना सतत लागणारी निगा, हे दुसरे. दुहेरीकरणाचा वाचलेला खर्च काही अंशी कारखान्यात भरावा लागला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

वेगळे काय करता आले असते

१८६९ चा निर्णय त्या वर्षीच्या प्रश्नाला अचूक उत्तर देणारा होता. माझी शंका प्रश्नाच्या मांडणीबद्दल आहे. 'खाणीपासून बंदरापर्यंत जास्त माल कसा न्यावा' एवढाच प्रश्न विचारला गेला; 'माल यापुढेही बंदराकडेच जाईल का' हा विचारला गेला नाही, किंवा निदान त्याला पुरेसे वजन मिळाले नाही. १८७२ मध्ये मिनफर्ड येथे किनारी स्टँडर्ड गेज रेल्वेशी अदलाबदलीची यार्डे सुरू झाली आणि ज्या पाट्यांना खाणीपासून जहाजापर्यंत हात लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच तिथे एका वाघिणीतून उचलून दुसरीत रचल्या जाऊ लागल्या. १८७९ मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे उत्तरेकडून थेट ब्लायनाय फेस्टिनिओगला पोहोचली, पाठोपाठ १८८३ मध्ये ग्रेट वेस्टर्नही आली, आणि बंदरापर्यंत न जाता खाणीच्या दाराशीच माल मोठ्या रेल्वेत चढवण्याची सोय झाली.

यावर उपाय म्हणून गेज बदलायला हवे होते असे मला वाटत नाही, कारण भिंती, बोगदा आणि खाणींचे रूळ ही तिन्ही बंधने १८६० इतकीच १८६९ मध्येही कायम होती. मात्र स्टँडर्ड गेज दाराशी येण्यापूर्वी, म्हणजे हातात दुहेरीकरणाचा अधिकार आणि यशस्वी इंजिन असताना, खाणमालकांशी दीर्घ मुदतीचे दरकरार करण्याची संधी होती. तेव्हा बोलणी करणारी रेल्वे ही खाणींची एकमेव वाट होती. १८८३ पर्यंत ती तिघांपैकी एक उरली. दुसरे म्हणजे मिनफर्डच्या यार्डात लहान वाघीण उचलून मोठ्या वाघिणीवर सबंध ठेवण्याची व्यवस्था सुरुवातीपासून केली असती, तर फुटतूट टळली असती आणि अरुंद गेजचा मूळ फायदा त्या सांध्यापलीकडेही पोहोचला असता.

स्वतः चार्ल्स स्पूनर यांनी वेगळा मार्ग पसंत केला. आपल्या यशावर विश्वास ठेवून त्यांनी नॉर्थ वेल्स नॅरोगेज रेल्वेजच्या आखणीत अभियंता म्हणून भाग घेतला. फेस्टिनिओगसारखेच अरुंद मार्ग इतरत्रही स्वस्तात बांधता येतील आणि नफ्यात चालतील, हा त्यामागचा विचार. १८७७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गाला आर्थिक यश लाभले नाही. तिथे डोंगर होते, फेअरलींच्या पेटंटवरची एकेरी बॉयलरची इंजिनेही होती, पण वर्षानुवर्षे न आटणारा पाट्यांचा प्रवाह नव्हता. फेस्टिनिओगचे यश गेजमुळे मिळाले की त्या गेजला जन्मापासून बांधलेल्या मालामुळे, याची तपासणी नवी कंपनी उभी करण्यापूर्वी व्हायला हवी होती. १८७० मध्ये प्रात्यक्षिक पाहून गेलेल्या अनेक पाहुण्यांकडूनही हाच भाग निसटला असावा असे वाटते, कारण त्यांनी पाहिली ती चढावर ताकदीने निघालेली गाडी. तिच्या मागच्या वाघिणी खाणीत कशा भरल्या जातात हे पाहायला डोंगराच्या आत जावे लागले असते.

पाट्यांची मागणी विसाव्या शतकात ओसरली, १९३९ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि १९४६ मध्ये मालवाहतूकही बंद पडली. १९५५ पासून स्वयंसेवकांच्या बळावर मार्ग टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाला. जलविद्युत प्रकल्पामुळे जुन्या मार्गाचा काही भाग पाण्याखाली गेला होता, म्हणून डोंगरातून नवा वळणमार्ग काढावा लागला आणि १९८२ मध्ये गाडी पुन्हा ब्लायनाय फेस्टिनिओगला पोहोचली. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बोस्टन लॉजमध्ये दुहेरी फेअरली इंजिने बांधण्याचे काम आजही सुरू आहे. १९७९ मध्ये 'अर्ल ऑफ मेरिओनेथ', १९९२ मध्ये 'डेव्हिड लॉइड जॉर्ज' आणि २०२३ मध्ये नवे 'जेम्स स्पूनर' तेथून बाहेर पडले. मार्ग अजूनही एकेरीच आहे.